हिवाळ्यातील घरगुती अभ्यासिका व उष्णतेचा जमाखर्च

१. प्रश्नाचे स्वरूप

दख्खनच्या पठारावरील घर हे मूलतः उन्हाळ्याशी सामना करण्यासाठी बांधलेले घर असते. उंच छत, मोठ्या खिडक्या, पायाला गार लागणारी शहाबादी फरशी आणि दाराखिडक्यांच्या कधीच न बुजविलेल्या फटी या गोष्टी चैत्र-वैशाखात सुखावह ठरतात. मार्गशीर्ष-पौषात त्याच गोष्टी जाचक होतात. पुणे, नाशिक, अहिल्यानगर या भागांत हिवाळा अल्पकाळ टिकतो, म्हणून घर बांधताना त्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. तथापि हा हिवाळा अगदीच सौम्य असतो असे नव्हे. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश सेल्सिअस आणि नाशिकात ७ जानेवारी १९४५ रोजी ०.६ अंश सेल्सिअस इतक्या नीचांकी तापमानाची नोंद झालेली आहे. निफाडच्या परिसरात तर द्राक्षबागायतदार थंडीच्या लाटेत बागेत शेकोट्या पेटवून रात्र जागून काढतात, हे सर्वश्रुत आहे.

या थंडीचा जाच सर्वांना सारखा होत नाही. दिवसभर बाहेर वावरणाऱ्याला ती सुसह्य असते. रात्री अंथरुणात शिरलेल्यालाही ती फारशी बाधत नाही. सर्वांत अधिक त्रास होतो तो सूर्यास्तानंतर चार-पाच तास एका जागी बसून लेखन-वाचन करणाऱ्यास. प्रबंधाचे लेखन करणारा विद्यार्थी, उत्तरपत्रिका तपासणारा अध्यापक, घरी बसून नोकरीचे काम करणारा कारकून किंवा अभियंता हे सर्व या वर्गात मोडतात. २०२० च्या महासाथीनंतर घरून काम करण्याची पद्धत अनेक व्यवसायांत रूढ झाली आणि या वर्गाची संख्या वाढली. त्यांतही गच्चीवरील पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थ्याची स्थिती सर्वांत बिकट असते. त्याची खोली सर्वांत थंड आणि त्याची ऐपत सर्वांत कमी असते.

अशा व्यक्तीने अल्प खर्चात ऊब कशी मिळवावी, हा प्रश्न वरवर पाहता गृहव्यवस्थेचा वाटतो. वस्तुतः तो पदार्थविज्ञानाचा आहे. उष्णता कोठून येते, कोठे साठते आणि कोणत्या वाटेने निघून जाते याचा हिशेब मांडल्यावाचून त्याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

२. देहाचा जमाखर्च

बसून काम करणाऱ्या प्रौढ व्यक्तीच्या शरीरात चयापचयक्रियेने त्वचेच्या दर चौरस मीटरमागे सुमारे ७० वॅट उष्णता निर्माण होते. देहाचे पृष्ठफळ साधारणतः १.८ चौरस मीटर धरल्यास एकूण निर्मिती सुमारे १२५ वॅट होते. यांपैकी काही भाग श्वासोच्छ्वासावाटे व त्वचेवरील बाष्पीभवनाने जातो. उरलेला भाग, म्हणजे दर चौरस मीटरमागे अदमासे ४५ वॅट, कपड्यांतून बाहेर पडून अभिसरणाने हवेस आणि प्रारणाने भोवतालच्या भिंतींस मिळतो. ही जावक ४५ वॅटच्या आसपास राहिली म्हणजे मनुष्यास थंडीही वाजत नाही आणि उकडतही नाही.

कपड्यांची उष्णतारोधकता मोजण्यासाठी ‘क्लो’ हे एकक १९४१ साली गॅगी, बर्टन व बॅझेट या शास्त्रज्ञांनी सुचविले. एक क्लो म्हणजे दर चौरस मीटरमागे ०.१५५ अंश प्रतिवॅट इतका रोध. सदरा, पायजमा, जाड स्वेटर व पायमोजे यांचा एकत्रित रोध एका क्लोच्या जवळपास जातो. कपड्यांवर चिकटून राहणाऱ्या हवेच्या थराचा रोध सुमारे ०.११ असतो. त्वचेचे सुखकर तापमान सरासरी ३३.५ अंश धरल्यास, एक क्लो वस्त्रे ल्यालेला मनुष्य सुमारे २१ ते २२ अंशांच्या खोलीत स्वस्थ राहील, असे साध्या भागाकाराने निघते. आणखी अर्धा क्लो वाढविला, म्हणजे खांद्यावर शाल घेतली व गुडघ्यांवर घोंगडी पसरली, तर हीच स्वस्थता १८ अंशांच्या सुमारास लाभते. एकट्या जाड स्वेटरची किंमत या हिशेबाने दोन ते अडीच अंशांएवढी भरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या गृहविषयक मार्गदर्शनात थंड व समशीतोष्ण प्रदेशांसाठी खोलीचे किमान तापमान १८ अंश सुचविले आहे, हेही येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता खोली १५ अंशांपर्यंत उतरली आहे असे समजू. एक क्लो वस्त्रे घातलेल्या व्यक्तीची जावक दर चौरस मीटरमागे ७० वॅटच्या घरात जाते. ४५ वॅट अभीष्ट असता ७० वॅट जातात. म्हणजे तूट २५ वॅटची, आणि सर्व देहाची मिळून सुमारे ४५ वॅटची. अर्धा क्लो वाढविल्यास ती अवघी १५ ते १६ वॅट उरते. थंडीने कुडकुडणाऱ्या मनुष्याची खरी गरज एका लहानशा दिव्याच्या शक्तीइतकीच आहे, हा या हिशेबातून निघणारा पहिला निष्कर्ष होय.

३. खोलीचा जमाखर्च

हीच गरज खोलीच्या द्वारे भागवू गेल्यास काय होते, ते आता पाहू. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद व तीन मीटर उंच अशी एक खोली घेतली आणि तिच्या दोन भिंती बाहेरच्या बाजूस आहेत असे मानले. नऊ इंची विटांच्या भिंतीतून, आत-बाहेर एका अंशाचा फरक असता, दर चौरस मीटरमागे सुमारे २.२ वॅट उष्णता निघून जाते. एकपदरी काचेतून सुमारे ५.७ वॅट. बाहेरच्या भिंतींचे क्षेत्रफळ खिडकी वगळता १९ चौरस मीटर व खिडकीचे २ चौरस मीटर धरले, तर भिंतींवाटे ४२ आणि खिडकीवाटे ११ वॅट प्रतिअंश अशी जावक होते. फटींतून खोलीतील सर्व हवा ताशी दोनदा बदलत असेल, तर तीवाटे आणखी २४ वॅट जातात. एकूण जावक ७७ वॅट प्रतिअंश झाली. खोली सर्वांत वरच्या मजल्यावर असल्यास काँक्रीटच्या उघड्या छतावाटे आणखी सुमारे ४० वॅटची भर पडते.

बाहेर ११ अंश असता आत २१ अंश राखावयाचे ठरविल्यास मधल्या मजल्यावरील खोलीस ७७० वॅट आणि वरच्या खोलीस जवळजवळ १,१७० वॅट सतत पुरवावे लागतात. देहाची तूट ४५ वॅट; ती खोलीमार्फत भरून काढण्यासाठी खर्च सतरा ते सव्वीस पटींचा. हीटरचे वीजबिल का फुगते, याचे उत्तर या गुणोत्तरात आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट भिंतींच्या उष्णता-धारकतेची. उपरोक्त खोलीतील हवेचे वजन सुमारे ४३ किलोग्रॅम आहे. ती पाच अंशांनी तापविण्यास एक किलोवॅटच्या हीटरला चार मिनिटेही पुरी लागत नाहीत. परंतु बाहेरच्या दोन भिंतींचेच वजन आठ टनांच्या आसपास भरते, आणि त्या पाच अंशांनी तापविण्यास त्याच हीटरला, उष्णता कोठेही वाया जात नाही असे गृहीत धरले तरी, जवळजवळ दहा तास लागतील. परिणामी हीटर लावल्यावर हवा लवकर तापते, परंतु भिंती थंडच राहतात.

थंड भिंतींचा परिणाम हवेतून जाणवत नाही, प्रारणातून जाणवतो. बसलेल्या मनुष्यास वाटणारे तापमान हे हवेचे तापमान व भोवतालच्या पृष्ठभागांचे सरासरी तापमान यांच्या साधारण मध्यावर असते. हवा २२ अंश आणि भिंती १४ अंश असतील, तर देहास १८ अंशांचाच अनुभव येतो. तापमापक २२ अंश दाखवीत असताना पाठीत गारवा का भरतो, याचे कारण हेच. टेबल बाहेरच्या भिंतीला किंवा खिडकीला लागून असल्यास हा गारवा अधिकच वाढतो. ते आतल्या भिंतीकडे सरकविण्यास काहीही खर्च येत नाही.

४. दुपारच्या उष्णतेचा संचय

युरोपातील हिवाळ्यात दिवस व रात्र दोन्ही थंड असतात. पठारावरील हिवाळा निराळ्या जातीचा आहे. पुण्यास जानेवारीत किमान तापमान सरासरीने ११ ते १२ अंश असले तरी दुपारचे कमाल तापमान ३० अंशांच्या आसपास जाते. आकाश निरभ्र व हवा कोरडी असल्याने जमीन रात्री आपली उष्णता प्रारणाने वेगाने गमावते आणि दिवसा उन्हाने पुन्हा तापते. दिवसाचे सरासरी तापमान २० ते २१ अंशांच्या घरात असते, आणि हा आकडा उपरोक्त सुखकर मर्यादेत बसतो. म्हणजे या प्रदेशात उष्णतेचा तुटवडा नाही. तिच्या वेळेची मात्र अडचण आहे. दुपारची शिल्लक रात्रीपर्यंत टिकविता आली, तर प्रश्नाचा मोठा भाग आपोआप सुटतो.

जुन्या वाड्यांनी ही गोष्ट अनुभवाने साधली होती. पांढऱ्या मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंतींतून उष्णतेची लाट पार होण्यास इतका अवधी लागतो की आतील तापमान दिवसरात्रीच्या सरासरीच्या आसपासच घोटाळत राहते. वरचा माळा हा हवेचा बंदिस्त थर म्हणून उपयोगी पडे, आणि कौलांच्या फटींतून येणारा गारवा आढ्याखाली ताणलेल्या कापडी छताने अडे. याउलट पत्र्याच्या खोलीस उष्णता-धारकता जवळजवळ नसतेच. ती दुपारी भट्टीसारखी तापते आणि निरभ्र रात्री आकाशाकडे उष्णता टाकून तिचा पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतो. अशा खोलीत पत्र्याखाली हवेची पोकळी ठेवून जाड कापडाचे छत बांधणे हा कमीत कमी खर्चाचा आणि अधिकात अधिक गुणाचा उपाय होय. मात्र तारा, दिवे व कापड यांत पुरेसे अंतर राखले पाहिजे.

विटांच्या घरात राहणाऱ्यास पुढील क्रम उपयोगी पडतो. बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा उबदार झाल्यावर, म्हणजे साधारणतः सकाळी अकराच्या पुढे, खिडक्या उघडाव्यात आणि सूर्य कलू लागताच बंद कराव्यात. दक्षिणेची खिडकी असल्यास तिचा पडदा दिवसभर बाजूस सारावा. २२ डिसेंबरच्या सुमारास पुण्यास माध्यान्ही सूर्य क्षितिजापासून अवघा ४८ अंश उंचीवर असतो. त्यामुळे ऊन दक्षिणेच्या खिडकीतून खोलवर आत शिरते. दोन चौरस मीटरच्या खिडकीतून निरभ्र माध्यान्ही सातशे ते नऊशे वॅट इतकी सौरशक्ती आत येते. लहान हीटरएवढी ही शक्ती फुकट मिळत असता पुष्कळ घरांत सामान विटेल या भीतीने पडदे ओढून घेतले जातात!

उन्हाने तापणारी फरशी हे उत्तम कोठार आहे. परंतु तिच्यावर सतरंजी पसरलेली असल्यास ऊन फरशीपर्यंत पोहोचत नाही. यास्तव सतरंजी दिवसा गुंडाळून ठेवावी व सायंकाळी अंथरावी. रात्री खिडकीवर भिंतीलगत बसणारा जाड पडदा सोडल्यास काचेवाटे होणारी जावक चतुर्थांश ते तृतीयांशाने घटते. दाराच्या फटीला जुन्या कापडाची वळकटी लावून हवेचा बदल ताशी दोनवरून एकवर आणता आला, तर दहा अंशांच्या फरकास १२० वॅटची बचत होते. वळकटीस मात्र काही पडत नाही.

५. देहाजवळची ऊब

संचयाने खोली १८ अंशांच्या आसपास राखता आली आणि अंगावर दीड क्लो वस्त्रे असली, तरी एक अडचण शिल्लक राहते. देह थोडा जरी थंड पडू लागला तरी मेंदू व अंतरिंद्रिये यांचे रक्षण व्हावे म्हणून हातापायांकडील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. बोटे व पावले सर्वांआधी गारठतात. हाताच्या त्वचेचे तापमान १५ अंशांच्या आसपास उतरले की बोटांची चपळता स्पष्टपणे घटते. लेखणी धरणे किंवा कळफलक चालविणे अवघड होते. हात झाकून लिहिता येत नाही. म्हणून उरलेली तूट नेमक्या ठिकाणी उष्णता देऊन भरून काढणे इष्ट असते.

हा विचार नवा नाही. जपानमधील कोतात्सु म्हणजे बुटके मेज, त्यावर पसरलेली रजई व खाली उष्णतेचे लहानसे साधन. सारे कुटुंब पाय आत घालून बसते आणि खोली थंड असली तरी त्याचे काही वाटत नाही. काश्मिरी मनुष्य फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी बाळगतो. दोन्हींतील तत्त्व एकच आहे: उष्णतेचे साधन रोधकाच्या आत, देहाच्या लगत असावे. आधुनिक काळात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी तापणाऱ्या खुर्च्या व पाय शेकणारी उपकरणे यांचा अभ्यास केला आहे, तोही याच दिशेने.

सर्वांत साधे साधन म्हणजे गरम पाण्याची रबरी पिशवी. दीड लिटर पाणी ६० अंशांवरून ३५ अंशांपर्यंत निवताना सुमारे १५७ किलोज्यूल उष्णता देते. दोन तासांवर वाटल्यास ती २२ वॅट पडते, म्हणजे वर काढलेल्या १५-१६ वॅटच्या तुटीस पुरून उरते. पाणी २० अंशांवरून तापविण्यास ०.०७ युनिट पुरे होतो. पिशवी पावलांखाली, गुडघ्यांवरून सोडलेल्या घोंगडीच्या आत ठेवावी. पावले थेट फरशीवर न टेकता पाटावर किंवा दुहेरी गोणपाटावर टेकवावीत. विजेचे हीटिंग पॅड वापरल्यास ४० ते ६० वॅटचे पुरेसे होते.

साधनांची तुलना केल्यास फरक डोळ्यांत भरतो. एक किलोवॅटचा हीटर रोज चार तास याप्रमाणे साठ रात्री चालविल्यास २४० युनिट खर्ची पडतात. ६० वॅटचे पॅड तितकाच वेळ वापरल्यास १४.४ युनिट होतात. दिवसातून दोनदा भरलेली पिशवी साठ रात्रींत जेमतेम साडेआठ युनिट घेते. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढणारा असल्यामुळे हीटरचे महिन्याचे १२० युनिट बहुधा वरच्या, महाग टप्प्यात मोजले जातात, हीही गोष्ट विसरता येत नाही.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचा उल्लेख करणे अवश्य आहे. तेलभरला हीटर, पंख्याचा हीटर व लाल तारेचा हीटर यांपैकी अमुक एक विजेची बचत करतो, असे विक्रेते सांगतात. प्रत्यक्षात रोधतारेवर चालणारे प्रत्येक उपकरण एका युनिटमागे ३.६ मेगाज्यूल, म्हणजे सुमारे ८६० किलोकॅलरी उष्णता देते. त्यात कमी-अधिक होणे शक्य नाही. फरक असतो तो उष्णता कोठे पोहोचते यात. लाल तारेचा हीटर प्रारणाने समोरच्या देहास थेट शेकतो, म्हणून अल्पकाळासाठी तो बरा. उलट्या चक्रावर चालणारे वातानुकूलन यंत्र मात्र बाहेरची उष्णता आत आणीत असल्याने एका युनिटमागे तीन युनिटांच्या आसपास उष्णता देऊ शकते. परंतु दोन महिन्यांच्या थंडीसाठी त्याची किंमत मोजणे फारच थोड्यांना परवडेल.

६. धोक्याची जाणीव

स्वस्त ऊब मिळविण्याचा एक मार्ग सर्वथा वर्ज्य मानला पाहिजे. एक किलोग्रॅम लोणारी कोळशात सुमारे आठ युनिटांइतकी उष्णता असते. सबब शेगडी खोलीत ठेवून दार लावून घेण्याचा मोह होतो. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही व वास नाही. रक्तातील हीमोग्लोबिनशी त्याचा संयोग ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी दृढ असतो. डोके जड होणे, गुंगी येणे ही त्याची लक्षणे श्रमाची किंवा झोपेचीच वाटतात, आणि मनुष्य उठून दार उघडण्यापूर्वीच शुद्ध हरपतो. प्रत्येक हिवाळ्यात बंद खोलीतील शेगडीने कुटुंबेच्या कुटुंबे दगावल्याच्या वार्ता येतात. फटी बुजविलेल्या खोलीत हा धोका अनेक पटींनी वाढतो. ज्या खोलीत फटी बुजविल्या, त्या खोलीत निखारा नेऊ नये, हा नियम निरपवाद समजावा.

फटी बुजविण्यासही मर्यादा आहे. बसलेली व्यक्ती ताशी सुमारे १८ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकते. ३६ घनमीटरची खोली पूर्णपणे बंद असल्यास तिचे प्रमाण दर तासाला दशलक्षांत ५०० भागांनी वाढेल, आणि चार तासांत ते बाहेरील हवेच्या पाचपटींहून अधिक होईल. ताशी एकदा हवा बदलेल इतका मार्ग मोकळा ठेवणे हेच हिताचे. विजेच्या बाबतीत, दोन किलोवॅटचा हीटर जवळजवळ नऊ अँपिअर प्रवाह घेतो. तो सहा अँपिअरच्या साध्या प्लगवर किंवा लांबवलेल्या वायरीवर जोडणे म्हणजे आगीला निमंत्रण होय. रबरी पिशवीत उकळते पाणी भरू नये, आणि हीटिंग पॅडची घडी घालून त्यावर बसू नये.

७. समारोप

वरील विवेचनातून उपायांचा एक क्रम निष्पन्न होतो. प्रथम दुपारची उष्णता साठवावी. नंतर फटी, खिडकी व छत यांवाटे होणारी तिची जावक रोखावी. त्यानंतर अंगावरील वस्त्रांत अर्ध्या क्लोची भर घालावी. आणि शेवटी जी अल्प तूट उरेल ती पावलांशी व हातांशी थेट भरून काढावी. सर्व खोली तापविणे हा या क्रमातील अखेरचा उपाय आहे. आजारी व्यक्ती, वृद्ध व तान्ही मुले यांच्यासाठी तो आवश्यक ठरू शकतो, कारण ते आपल्या गरजेनुसार वस्त्रे कमी-अधिक करू शकतीलच असे नाही.

या विषयात स्थानिक मोजमापांना मोठा वाव आहे. चाळ, वाडा, काँक्रीटची इमारत व पत्र्याची खोली यांतील रात्रीच्या तापमानाची तुलना करण्यास दोन तापमापक पुरेसे होतात. एक मोकळ्या हवेत ठेवावा; दुसऱ्याचे टोक काळ्या रंगाने रंगविलेल्या टेबल-टेनिसच्या चेंडूत बसवावे. हवा स्थिर असता दोहोंतील अंतरावरून भिंतींच्या प्रारणाचा अंदाज येतो. सायंकाळी सहापासून मध्यरात्रीपर्यंत दर अर्ध्या तासाने घेतलेल्या अशा नोंदी एका हिवाळ्यात सहज जमविता येतील. थंडीत रात्री जागून अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यास त्यासाठी वेगळे जागरण करावे लागणार नाही, आणि आपली खोली नेमकी कोणत्या वाटेने ऊब गमावते हे त्यास स्वतःच्याच आकड्यांवरून कळून येईल.